हजेरीत ठेवलेलं नाव

माझ्या नातीचं नाव सहा अक्षरी आहे. ते मी इथं लिहिणार नाही. घरातल्या, गावातल्या कुणाचंच लिहिणार नाही. एका मुलीच्या नावाचं मी काय करून ठेवलं ते सांगायला बसलोय. त्यात आणखी माणसांना ओढायला नको.

मी प्राथमिक शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं होत आली. शाळेत दिवसभर बोलतो, पण घरात माझा आवाज कमी असतो. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं बोलणं सगळं शाळेतच संपतं." पाहुणे हसतात, मीही हसतो. घरात कमी बोलण्याचं कारण वेगळं होतं. ते सतरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला आमच्याकडं आली. आल्या दिवशीच तिनं बॅगेतून एक वही काढली. डाव्या पानावर मुलांची नावं, उजव्या पानावर मुलींची, आणि सगळी लांबलचक. चार अक्षरांच्या खालचं एक नाही.

"एवढी लांब कशाला गं?" बायको म्हणाली. "हाक पुरी होईस्तोवर पोरगं गल्लीच्या टोकाला जाईल."

"जाऊ दे. लांबच पाहिजे."

तिचं त्यामागं एक शास्त्र होतं. तिचं स्वतःचं नाव दोन अक्षरी. ते मीच ठेवायला लावलं होतं, फळ्यावर लिहायला सुटसुटीत म्हणून. तिचं म्हणणं असं की, दोन अक्षरी नावात लोकांना तोडायला काही मिळत नाही. मग ते दुसरंच काहीतरी शोधून आणतात आणि चिकटवतात. नाव लांब असलं की लोक ते तोडण्यात गुंततात, बाहेरून काही आणत नाहीत. आणि कुठूनही तोडलं तरी हातात येणारा तुकडा चांगलाच असला पाहिजे. तेवढी काळजी आपण घ्यायची.

"पप्पा, तुम्ही तीस वर्षं पोरांत आहात," ती मला म्हणाली. "मी नाव वाचते, पोरं त्याचं काय करतील ते तुम्ही सांगायचं."

रोज दुपारी शाळेतून आलो की चहाबरोबर हे काम असायचं. ती वाचायची, मी सांगायचो. मुलांच्या नावांचा निकाल लवकर लागायचा. नाव कितीही भारदस्त असो, पोरं पहिली दोन अक्षरं धरतात आणि मागं 'या' लावून मोकळी होतात. मुलींच्या नावांना वेळ लागायचा. ती म्हणाली, इंद्रायणी. मी म्हणालो, तांदूळ म्हणतील. शुभलक्ष्मी. लक्ष्मी बॉम्ब, आणि तोही बारा महिने. मधुमालती. मधमाशी. ती हसत हसत काट मारायची. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुम्हांला बरं सगळं पटापट सुचतंय."

एक दिवस ती दवाखान्यात गेली होती आणि वही टीपॉयवर पडली होती. कोरं पान बघायला मी मागून उघडली. शेवटच्या पानावर तिनं एकच शब्द लिहिला होता. लिहून त्यावर पेन इतकं फिरवलं होतं, की कागद फाटून खालच्या पानावर शाई उतरली होती. तरी तो मला वाचता आला. आत काय लिहिलंय हे मला आधीच माहीत होतं, म्हणून आला असेल.

चिपाड.

उसाचा रस काढल्यावर चरकातून जे बाहेर पडतं, ते चिपाड. आमच्याकडं हाडकुळ्या माणसाला म्हणतात. चौथीपासून बारावीपर्यंत माझ्या मुलीला लोक हेच म्हणत. गॅदरिंगला ती स्टेजवर आली की मागच्या रांगेतून ते ऐकू यायचं. दहावीच्या निरोपाच्या फोटोमागं कुणीतरी तिच्या जागेवर तेच लिहिलेलं. लग्नाच्या वेळी तिनं आम्हांला बजावलं होतं, की गावाकडच्या शाळेतलं कुणी बोलवायचं नाही. मला वाटलं होतं, खर्च नको म्हणून म्हणते. मी स्वतःची तशी समजूत करून घेतली होती.

वही जागेवर ठेवली.

आता ते कसं झालं ते सांगतो.

तेव्हा माझी बदली माण तालुक्यात झाली होती. उघडं माळरान, दोन खोल्यांची शाळा. निम्म्या घरांतले बाप मुंबईला. मुलगी चौथीत माझ्याच वर्गात, कारण चौथीला दुसरा वर्गच नव्हता. नवीन मास्तर म्हणून मी कडक वागायचो आणि पोरं माझ्याशी बोलायची नाहीत. त्यातच पारावर कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं, "मास्तर सगळ्यांना हाणतोय, आपल्या पोरीला सोडून." ते मला लागलं.

एका सकाळी मुलगी तापानं घरी होती. मी हजेरी घेत होतो. बाहेर वारा सुटला होता आणि पत्रा वाजत होता. तिचं नाव आलं, उत्तर आलं नाही. मी मान वर केली आणि म्हणालो, "आमचं चिपाड आज वाऱ्यानं उडालं वाटतं."

अख्खा वर्ग हसला. शाळा सुरू झाल्यापासून त्या पोरांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. ओठ घट्ट मिटून बसणारी पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती आणि हसता हसता माझ्याकडं बघत होती. माझीच माणसं असल्यासारखी.

आपल्या पोरीला वेगळं वागवत नाही हे दाखवायला मी तसं बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की तो हशा मला गोड लागला. म्हणून दुसऱ्या दिवशी हजेरीला मी तेच परत म्हणालो. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी ती शाळेत आली, तेव्हा तिचं नाव बदललेलं होतं. मधल्या सुट्टीत तिला पहिली हाक मारली ती तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं. मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी. दोघी एका डब्यात जेवायच्या. संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, "तिनंच काढलं ना पप्पा हे? तीच पहिल्यांदा म्हणाली."

मी म्हणालो, "असेल."

हा एक शब्द. तो बोलताना मी वह्या तपासत होतो, मान वर केली नाही. त्यानंतर माझ्या मुलीनं बाक बदलला. त्या पोरीशी ती पुन्हा बोलली नाही. माझ्या मुलीची कट्टी खूप कडक असते. वर्ष संपायच्या आत मी वर्गात एकदाच सगळ्यांना दम दिला, की कुणाला नावं ठेवायची नाहीत. तेव्हा पोरं माझ्याकडं कशी बघत होती, ते मला अजून आठवतं. त्या बघण्याचा अर्थ मात्र मला यंदा कळला.

नात झाली. दोन किलो तीनशे. नाजूक, पण डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही. आठव्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. बाहेर एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी ओळखलं नाही.

"वळखलं न्हाई का सर? मी तुमच्या चौथीतली. तुमच्या पोरीच्या बाकावरली."

औंधाजवळच्या एका गावात तिला दिलं होतं. नवरा वाशीच्या मार्केटात. साताऱ्याला कामाला आली होती, गावातल्या कुणाकडून तरी तिला बाळंतपणाचं समजलं. पिशवीतून तिनं डिंकाच्या लाडवांचा डबा काढला आणि एक लहानसं घोंगडं. काळ्या लोकरीचं, हातभर. "सासऱ्यांनी इनलंय. बाळाला खाली टाकायला. टोचत न्हाई, धुऊन आणलंय."

बायको आत सांगायला गेली. आमचं घर लहान, दार आणि पलंग यात एक पडदा. पडद्याच्या आतून मुलगी बोलली ते बाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"तिला सांग, बाळ झोपलंय. मीपण झोपलेय."

ती बाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, "असू द्या काकू. बाळंतिणीला झोप पायजेच." आणि उठली.

मी तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं. एसटी लागली होती. चढताना म्हणाली, "सर, ती अजून बोलत न्हाई ना माझ्यासंगं." मी म्हणालो, "थकलीय जरा." तेव्हाही माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

घरी आलो तर मायलेकींचं वाजलं होतं.

"एवढ्या लांबून आली बिचारी," बायको म्हणत होती. "सतरा वर्षांपूर्वीचं काय धरून बसायचं? लहान होता तुम्ही."

"तिच्या हातचं काही माझ्या बाळाच्या अंगाला लागणार नाही. परत पाठवा ते."

"अगं, एक शब्द तो काय."

मी पडद्याबाहेर चपला काढत होतो. मुलगी बोलायला लागली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मला प्रत्येक शब्द लागला. कॉलेजात ती आम्हांला न सांगता वजन वाढवायच्या पावडरी खायची आणि उलट्या व्हायच्या तेव्हा अॅसिडिटी म्हणून सांगायची. उन्हाळ्यातसुद्धा पंजाबीच्या आत आणखी एक टीशर्ट घालायची. लग्न ठरताना मुलगा बघायला आला, तेव्हा तिनं साडीखाली दोन परकर घातले होते.

"आणि परवा काय झालं सांगू, मम्मी? नर्सनं हिला पुसून माझ्याजवळ आणलं. एवढुसे हात, एवढुसे पाय. माझ्या मनात पहिल्यांदा तोच शब्द आला. माझ्या लेकीला बघून. अजून मी तिला जवळसुद्धा घेतलं नव्हतं."

मी तिथंच फरशीवर बसलो. चप्पल एक पायात, एक हातात.

मला वाटायचं, माझा गुन्हा जुना आहे, त्याच्यावर धूळ बसली असेल. तो आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात पुन्हा घडला होता. आणि या वेळी ज्या मुलीच्या नावावर तो पडला होता, तिला अजून नावसुद्धा नव्हतं.

पडदा बाजूला करून मी आत गेलो. बायको म्हणाली, "आवं, बसा बाहेर, पाजतीय ती." मी बसलो नाही.

"ते नाव तिनं काढलं नव्हतं," मी म्हणालो. "मी काढलं. हजेरी घेताना. तू तापानं घरी होतीस तेव्हा."

हे सांगायला मला एवढासाच वेळ लागला. त्याच्यासाठी मी सतरा वर्षं घालवली होती.

मुलीनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटायला लागली. थोपटणं थांबलं नाही. बायको आळीपाळीनं आमच्याकडं बघत होती.

"मी नव्हते तेव्हा," मुलगी म्हणाली.

"हो."

"किती वेळा?"

"तीन वेळा."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, असेल."

तिला तो शब्द आठवत होता. मला वाटत होतं, तो फक्त माझ्यापाशी आहे.

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "खरं बोलताय का तुम्ही?" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या परक्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी मान हलवली.

बाळानं ढेकर दिली. मुलीनं तिला पलंगावर आडवं केलं, तोंड पुसलं. मग म्हणाली, "ती वर्गात होती त्या दिवशी?"

"कोण?"

"माझ्या बाकावरची. त्या तीन दिवसांत ती शाळेत होती का?"

आणि तेव्हा, खरंच तेव्हा, माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. मी हे गुपित म्हणून जपत आलो होतो. पण ते मी भरलेल्या वर्गात, मोठ्यानं, तीन दिवस बोललो होतो. गावातल्या सगळ्या पोरांना ते माहीत होतं. पोरांनी घरी सांगितलं असणार, म्हणजे गावालाही माहीत होतं. मी दम दिला तेव्हा ती पोरं तशी का बघत होती, ते आता कळलं. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या मुलीला. मी काय लपवत होतो इतकी वर्षं?

"फोन लावा तिला," मुलगी म्हणाली. "तुम्हीच बोला. आवाज मोठा करून ठेवा."

नंबर बायकोनं घेऊन ठेवला होता. रिंग वाजली. एसटीचा आवाज येत होता, ती अजून वाटेतच होती.

"हां, बोला सर. पिशवी र्‍हायली का माझी?"

मी सांगितलं, की चौथीत ते नाव मी काढलं होतं, आणि मुलगी सतरा वर्षं तिला दोष देत आली. मी तिची माफी मागितली.

"मला ठावं हाय की सर," ती म्हणाली. "मी पयल्याच बाकावर हुते. आमी समदी हसलो. मीबी हसले, खोटं कशाला बोलू."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगायचं? तिचा लय जीव हुता तुमच्यावर. समद्यांस्नी सांगायची, माझं पप्पा असं, माझं पप्पा तसं. तिनं मला इचारलं, तूच काढलं का? मी म्हणलं, व्हय, मीच काढलं. आन् तुमचं भ्यापण वाटायचं सर. छडी हुती तुमच्याकडं."

नऊ वर्षांची पोरगी. मी तिच्याकडून पाढे घोटून घेतले होते. गृहपाठ केला नाही म्हणून उन्हात उभं केलं होतं. आणि ती माझ्या वाटचं खोटं बोलली, तेसुद्धा माझ्या मुलीचा बाप शाबूत राहावा म्हणून. त्यात तिची मैत्रीण गेली. मला तर एवढंसुद्धा आठवत नाही, की मी तिला कधी शाबासकी दिली.

मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला, आवाज लहान केला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. बायकोनं मला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर पायरीवर बसलो. आतून अर्धा तास बोलणं चाललं होतं. एकदा रडल्याचा आवाज आला, एकदा हसल्याचा. शब्द कळले नाहीत, आणि ऐकायचा मला हक्कही नव्हता.

त्यानंतर बारशापर्यंतचे चार दिवस मुलगी माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती कामापुरतं बोलायची, तेही आईकडं बघून. "त्यांना म्हणावं, दूध आणा." नावाचं मला कुणी विचारलं नाही. दोघी मैत्रिणी फोनवर ठरवत होत्या, एवढंच कानावर यायचं. ती बाई तिच्या सगळ्या आडव्या-तिडव्या सूचना देत असावी, कारण मुलगी मधूनच म्हणायची, "नको, त्याचं फार वाईट होतं गं."

बाराव्या दिवशी पाळणा सजला. जावयाची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, पुढं झाली. आमच्याकडं नाव आत्यानं ठेवायचं असतं. ती बाळाच्या कानाशी वाकून कुर्र करून नाव सांगते, आणि मागून बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. सगळं रीतीप्रमाणं झालं. आत्या पाठ चोळत उठली आणि तिनं मोठ्यानं नाव सांगितलं. सहा अक्षरं. मी ते सगळ्यांबरोबर, मागच्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा ऐकलं. चांगलं नाव आहे. ऐकताच ते कसं मोडेल याचा विचार माझ्या डोक्यात सुरू झाला. मी तो थांबवायचा प्रयत्न केला, पण तो पुरता थांबला नाही.

जेवणं झाल्यावर माणसं निघायला लागली. मुलीची मैत्रीण सकाळच्या गाडीनं आली होती. दिवसभर ती मुलीजवळच होती, ओटी भरताना, पाळणा हलवताना, जेवताना. निघताना ती बायकोच्या पाया पडली, मग माझ्याकडं आली. तिनं पदर सावरला आणि वाकली.

मी पाय मागं घेतले. खुर्चीच्या पायाला टाच आपटली.

"र्‍हाऊ द्या की सर," ती म्हणाली. "मास्तरांच्या पाया पडाय नको का?"

आणि ती पुन्हा वाकणार, तेवढ्यात मुलगी आली. बाळ तिनं खांद्याशी धरलं होतं. मोकळ्या हातानं तिनं मैत्रिणीचा दंड धरला आणि तिला सरळ उभं केलं.

"नको पडूस," ती म्हणाली.

खोलीत अजून पाच-सहा माणसं होती. व्याही होते, जावई होते. सगळ्यांनी ऐकलं. मैत्रीण गोंधळून माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडून एखादा सारवासारवीचा शब्द निघेल, असं तिला वाटत असावं. अशा वेळी माझ्या तोंडून तो निघतो, ही माझी सवय आहे.

मी म्हणालो, "ती बरोबर सांगतीय."

मग मुलगी तिला स्टँडवर सोडायला जावयाला सांगू लागली.